अंगणवाडीच्या दारातील भाषा

अलिबागेच्या उत्तरेस काही कोसांवर, खांदेरी आणि उंदेरी ही दोन दुर्गबेटे ज्याच्या समोर भर समुद्रात उभी आहेत ते थळ हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना १६७९ साली शिवछत्रपतींनी खांदेरीवर आरंभिलेल्या तटबंदीमुळे आणि तीवरून इंग्रज व सिद्दी यांच्याशी जुंपलेल्या आरमारी झुंजीमुळे, तर अर्थव्यवहाराच्या अभ्यासकांना येथील खतकारखान्यामुळे ठाऊक असते. परंतु या गावाकडे आणि त्याच्या मुलखाकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आहे, आणि ती तीन-चार वर्षांचे लेकरू सकाळी दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करून कामावर जाणाऱ्या आईची होय. तिला खांदेरीच्या तोफांशी कर्तव्य नसते की युरियाच्या उत्पादनाशी नसते. ज्या बाईच्या हाती मूल सोपवले तिला आपले बोलणे कळते काय, ती सांगेल ते आपल्याला उमगते काय, आणि मुलाच्या पोटात दुखू लागले तर ते त्याला तिच्यापाशी सांगता येईल काय, एवढ्या तीन गोष्टींची खात्री झाली म्हणजे ती पाटी डोक्यावर घेऊन निघू शकते.

या किनाऱ्यावर ही खात्री सहजासहजी मिळण्याजोगी परिस्थिती कधीच नव्हती. थळच्या कोळीवाड्यात आणि भोवतालच्या आगरी वस्तीत जी मराठी चालते तिच्यात ‘ळ’ आणि ‘ण’ यांना फारसा थारा नाही, गाडीची ‘गारी’ होते, वडील हे ‘बापूस’ असतात आणि मासळीला ‘म्हावरा’ म्हणतात. लगतच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले अशी परंपरा सांगणारा बेने इस्राएल समाज धर्माने यहुदी, पण घरात मराठीच बोलत आलेला. दक्षिणेकडे रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईस पोर्तुगिजांचा अंमल १७४० साली आटोपला, तरी त्यांच्या भाषेपासून निपजलेली ‘नो लिंग’ ही बोली तेथील ख्रिस्ती कुटुंबांत अद्याप नांदते, आणि तेथल्या मुलाला मराठीशी खरी सलगी करावी लागते ती घराचा उंबरठा ओलांडल्यावर. मुसलमान वस्त्यांत घरी कोकणी वळणाची बोली आणि मदरशात उर्दू, हा तर सबंध किनाऱ्याचा शिरस्ता. डोंगराच्या उतारांवर कातकरी आणि ठाकर यांच्या वाड्या आहेत. त्यांपैकी कातकरी बोलीची दखल भाषापंडित ग्रियर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात १९०५ सालीच घेऊन ठेवली आहे. एवढे सगळे एका तालुक्याच्या आणि त्याच्या शेजारच्या टापूत.

त्यात गेल्या चाळीस वर्षांची भर निराळी. राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही सरकारी कंपनी १९७८ साली स्थापन झाली, आणि मुंबईच्या समुद्रात सापडलेल्या वायूवर चालणारा तिचा थळ-वायशेत येथील प्रचंड प्रकल्प १९८५च्या सुमारास सुरू झाला. त्याच्या नोकरवर्गासाठी कुरूळ येथे वसाहत उठली आणि मल्याळी, तेलुगू, बंगाली, हिंदी बोलणारी कुटुंबे अलिबागच्या बाजारात दिसू लागली. पुढे मांडव्यापासून नागावपर्यंत मुंबईकर धनिकांचे बंगले उभे राहू लागले, ते बांधायला बिहार, उत्तर प्रदेश आणि बंगालचे मजूर आले, राखायला नेपाळी कुटुंबे आली, आणि ज्या होड्यांवर पूर्वी घरचेच नाखवा-खलाशी असत त्यांवरही परप्रांतीय खलाशी चढू लागले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. भाषेची अडचण ही सर्वांना सारखी नडत नाही. ती जातीनुसार, किंबहुना त्याहूनही मिळकतीनुसार नडते. वसाहतीतल्या अभियंत्याची पत्नी मल्याळी असली तरी इंग्रजीच्या आधारे बालवाडीच्या बाईंशी आणि बालरोगतज्ज्ञाशी बोलू शकते, आणि तिच्या मुलाच्या डब्यात काय द्यावे याची सूचना तिला भ्रमणध्वनीवर लेखी मिळते. बंगल्याच्या पायावर विटा वाहणारी बिहारी बाई भोजपुरी बोलते, हिंदी समजते, मराठी तिला परकी, आणि लेखी तर कोणतीच भाषा तिच्या उपयोगाची नसते. दोघींची मुले एकाच वयाची आणि गावही एकच. पण पहिलीच्या बाबतीत भाषेचा प्रश्न उद्भवला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, आणि दुसरीच्या बाबतीत तो उद्भवला हे कोणी विचारीत नाही.

आपल्याकडे सहा वर्षांखालील बालकांच्या संगोपनाचा मुख्य सरकारी आधार म्हणजे एकात्मिक बालविकास सेवा योजना, जिचे दार आपण अंगणवाडी या नावाने ओळखतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत ती सुरू झाली, आणि महाराष्ट्रात तिचा आरंभ झाला तो अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि मुंबईतील धारावी येथे. या दोन जागांची नावे एकापुढे एक ठेवून वाचली म्हणजे मौज वाटते: धारणी हा मेळघाटातील कोरकूंचा मुलूख, ज्यांची भाषा मराठीच्याच काय, आर्य किंवा द्राविड कुळाच्याही बाहेरची, मुंडा कुळातली, आणि धारावी म्हणजे तमिळ, उर्दू, हिंदी, गुजराती, मराठी या सर्वांनी खच्चून भरलेली वस्ती. म्हणजे आपल्या राज्यात अंगणवाडीचा जन्मच भाषेच्या दोन अत्यंत अवघड ठिकाणी झाला.

असे असूनही ही योजना बहुतेक खेड्यांत तगली आणि रुजली याचे श्रेय एका नियमाला आहे, आणि त्या नियमाला भाषाविषयक धोरण असे कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही. तो नियम असा की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या त्याच गावच्या रहिवासी असल्या पाहिजेत. हेतू उघडच व्यावहारिक होता. अल्प मानधनावर बाहेरगावची बाई रोज येणार कशी? पण त्यातून साधले ते फार मोठे. कोळीवाड्यातील सेविका कोळीवाड्यातलीच सून किंवा लेक असल्यामुळे मुलाने ‘पानी’ मागितले तर ते पाणी आहे हे तिला कोणी शिकवावे लागत नाही, बोंबील वाळत घालायला गेलेली आई दुपारी किती वाजता परतेल हे तिला ठाऊक असते, आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असताना कोणत्या घरात चूल दोनदा पेटत नाही हेही ती वजनाच्या नोंदवहीत न पाहता सांगू शकते. अधिकारी मंडळी जिला प्रशिक्षणवर्गात लोकसंपर्क म्हणून शिकवतात, ती विद्या या स्त्रियांना बोलीतूनच मिळालेली असते. शाळेतील शिक्षक बदलून येतो आणि बदलून जातो; सेविका मात्र तेथेच असते. या एका बाबतीत अंगणवाडी ही प्राथमिक शाळेहून सुदैवी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या कल्पनेमागे महाराष्ट्राची स्वतःची एक परंपरा आहे, तिचे थोडे विस्ताराने स्मरण करणे अवश्य आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या मुंबईत जन्मलेल्या विदुषी राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्य झाल्या, आणि ती मानाची जागा सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करू लागल्या. म्हणजे या बाईंच्या बालशिक्षणाच्या कारकिर्दीचा पाया घातला गेला तो गुजराती बोलणाऱ्या मुलांमध्ये. परभाषिक मुलाच्या मनात शिरायचे तर आधी त्याच्या भाषेच्या दारात उभे राहावे लागते, हा धडा त्यांनी पुस्तकातून घेतला नव्हता. १९२६ साली गिजुभाईंच्या सोबतीने त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, माँटेसोरीबाईंची पद्धत गरीब खेड्याला परवडेल अशी करण्याचा ध्यास घेतला, आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. तेथे त्यांना अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांच्यासारखी सहकारी मिळाली, आणि १९५७ साली हे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीलगत गेले.

कोसबाडला पहिला अनुभव निराशेचा होता. बालवाडी मांडली, खेळणी मांडली, पण वारली मुले येईनात. कारण पाच वर्षांचे मूल धाकट्या भावंडाला काखेत घेऊन बसलेले असे, त्याहून मोठे मूल गुरांमागे गेलेले असे, आणि ज्या इमारतीत ही बालवाडी भरे ती त्यांच्या दृष्टीने परक्यांची होती. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. धाकट्यांसाठी पाळणाघर, मधल्यांसाठी बालवाडी आणि थोरांसाठी शाळा ही तिन्ही एका छपराखाली आणणारी विकासवाडी त्यांनी काढली, गुराख्यांसाठी कुरणशाळा काढली. आणि अंगणात बसून शिकवायचे म्हटल्यावर अंगणात बोलली जाणारी बोली, तिच्यातली गाणी, झाडापाल्याची नावे ही सर्व सामग्री आपोआप शिक्षणात आली. ज्या काळात आदिवासी मुलाने आधी शुद्ध बोलावे आणि मग शिकावे असे सुशिक्षितांना वाटत असे, त्या काळात हा उलटा प्रवास करण्यास केवढे धैर्य लागले असेल! अंगणवाडी हे नाव सरकारने पुढे उचलले; अंगणात जाण्याची रीत मात्र सर्वत्र उचलली गेली नाही.

ती कोठे उचलली गेली नाही हे पाहायचे तर थळहून लांब जाण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातील कातकरी ही राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या उरलेल्या दोन. दिवाळी उलटली की यांच्यापैकी पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, काही कोळसा पाडण्यासाठी घाटावर आणि कर्नाटकापर्यंत जातात, आणि मृगाच्या तोंडावर परततात. म्हणजे जे मूल जून ते ऑक्टोबर एका अंगणवाडीच्या पटावर असते, ते उरलेले सात-आठ महिने दुसऱ्याच गावच्या हद्दीत, क्वचित दुसऱ्या राज्याच्या भाषेत वाढते. भट्टीजवळच्या अंगणवाडीत त्याने जावे अशी तजवीज कागदावर आहे, स्थलांतरित बालकांची नोंद ठेवण्याची व्यवस्थाही आहे. पण नोंद झाली म्हणजे सोय झाली असे नव्हे. अनोळखी गावातील अनोळखी बाईपुढे कातकरी आई बहुधा बोलतच नाही, आणि तिच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ निष्काळजीपणा असा लावला जातो. कातकऱ्यांना मुलांची पर्वा नसते हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. ते उच्चारणाऱ्याने त्या आईशी तिच्या बोलीत कधी दोन वाक्ये बोलून पाहिली आहेत काय, असे विचारावेसे वाटते.

बालसंगोपनात न कळण्याची किंमत काय असते याचा थोडा तपशील दिला पाहिजे, कारण भाषेचा प्रश्न म्हटला की वाचकांच्या मनात अस्मिता, पाट्या आणि परिसंवाद येतात. येथे तो अंगात ताप असलेल्या मुलाचा प्रश्न आहे. अंगणवाडीत कुपोषण ओळखण्यासाठी दंडाचा घेर मोजण्याची एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती ती गुंडाळायची. घेर साडेबारा सेंटिमीटर वा अधिक असला तर हिरवा रंग, साडेअकरा ते साडेबारा यांमध्ये पिवळा, आणि साडेअकराच्या खाली लाल. ही पट्टी अत्यंत हुशारीने घडवलेली आहे, कारण तिला लिपी नाही. लाल रंग पाहून सांताळी, कातकरी, भोजपुरी कोणतीही आई सावध होईल. परंतु पट्टीचे काम तेथेच संपते. मूल लाल रंगात आले तर त्याला किती वेळा काय खाऊ घालायचे, ग्राम बालविकास केंद्रात किती दिवस आणायचे, रुग्णालयात कधी न्यायचे आणि तेथे नेले म्हणजे मूल आपल्यापासून हिरावून घेणार नाहीत, हे सर्व शब्दांनीच सांगावे लागते. आईला ते कळले नाही तर ती रात्रीतून मूल घेऊन निघून जाते, आणि वहीत शेरा पडतो की पालकांनी नकार दिला.

तीच गत जुलाबाची. जलसंजीवनीची पुडी एक लिटर पाण्यात कालवायची असते. अर्ध्या पेल्यात कालवली तर क्षारांचे प्रमाण घातक होते, आणि हंडाभर पाण्यात टाकली तर तिचा उपयोग राहत नाही. सोबतची झिंकची गोळी जुलाब थांबले तरी चौदा दिवस द्यायची असते, आणि ही गोष्ट तर मराठी मातृभाषा असलेल्या शिकल्या-सवरलेल्या पालकांनाही दोनदा सांगावी लागते. पुडीवरचा मजकूर छापील असतो, लहान अक्षरांत असतो, आणि ज्यांना तिची सर्वांत अधिक गरज त्यांना तो वाचता येत नाही. अशा वेळी आईने तिच्या शब्दांत परत सांगून दाखवले, की एवढे पाणी, एवढे दिवस, तरच समजावयाचे की ते पोचले. नुसती मान डोलावणे हा होकार नव्हे. ज्याला काही कळले नाही तो माणूस अधिकाऱ्यापुढे सर्वांत लवकर मान डोलावतो.

आता प्रश्नाची दुसरी बाजू, जिच्याकडे सहसा पाहिले जात नाही. आईची भाषा सेविकेला कळली पाहिजे हे ठीक. पण सेविकेची भाषा सरकारला कळली पाहिजे की नको? १ मार्च २०२१ रोजी केंद्र शासनाने पोषण ट्रॅकर नावाचे ॲप सुरू केले आणि बालकांची वजने, उंची, उपस्थिती, आहारवाटप ही सारी माहिती सेविकांनी त्यात भरावी असे फर्मान निघाले. ते ॲप मराठीत नव्हते. ज्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे डझनभर नोंदवह्या मराठीत बिनचूक लिहिल्या होत्या, त्यांना एकाएकी इंग्रजी रकान्यांपुढे बसवण्यात आले. घरातल्या शाळकरी मुलाकडून माहिती भरून घ्यावी लागू लागली. आणि सरकारने दिलेले भ्रमणध्वनी इतक्या अल्प क्षमतेचे की तेही वारंवार बंद पडत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते भ्रमणध्वनी प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन ठेवले. मराठी ॲपची मागणी हा त्या आंदोलनाचा मुख्य मुद्दा होता, आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. आज ते ॲप चोवीस भाषांत उपलब्ध असल्याचे शासन सांगते.

या प्रसंगाकडे मी मजुरीच्या तंट्याहून निराळ्या दृष्टीने पाहतो. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. राज्याचा कारभार मराठीत चालावा यासाठी पदनामांचे कोश निघाले, संचालनालये निघाली, ठराव झाले. इतके सारे होऊन जवळजवळ साठ वर्षे लोटल्यावर, राज्यातील सर्वांत खालच्या पायरीवरील मानधनी स्त्रियांना आपल्या कामाची नोंद मराठीत करू द्या एवढ्यासाठी रस्त्यावर यावे लागले, आणि मराठीच्या नावाने एरवी गर्जणाऱ्या आपल्या साहित्यसंस्थांतून त्यांच्या बाजूने फारसा आवाज उठला नाही. ही टीका कटू वाटेल, पण ती मागे घेण्याचे कारण मला दिसत नाही.

शिवाय मराठीत आले म्हणजे सारे सोपे झाले असेही नाही. सरकारी परिपत्रकांची मराठी ही आगरी-कोळी सेविकेच्या दृष्टीने अर्धी परभाषाच असते. लाभार्थी, पूरक पोषण आहार, अतितीव्र कुपोषित, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा शब्दांच्या माळा तिने वरून घ्यायच्या आणि खाली आईपर्यंत पोचवताना त्यांचे मनातल्या मनात भाषांतर करायचे. म्हणजे दुभाष्याचे काम ती रोज करते, पण त्या कामाला नाव नाही आणि मोलही नाही. इंग्रजीत वा शासकीय मराठीत आलेला हुकूम बोलीत उतरवणे, बोलीतली तक्रार रकान्यात बसवणे, आणि या उतरवाउतरवीत मूल हरवू न देणे, हे कौशल्य कोणत्या भरतीच्या परीक्षेत तपासले जाते?

भरतीचा विषय निघालाच आहे तर तेथील एका कलमाकडे लक्ष वेधतो. अलीकडच्या वर्षांत माझ्या पाहण्यात आलेल्या अंगणवाडी भरतीच्या जाहिरातींत अशी अट असते की ज्या केंद्रात निम्म्याहून अधिक मुले मराठीखेरीज अन्य भाषा बोलणारी असतील, तेथे ती भाषा जाणणारीच उमेदवार नेमावी. उदाहरणादाखल उर्दू, हिंदी, गोंडी, कोकणी, पावरी, कन्नड, कोरकू, तेलुगू, भिलोरी, बंजारा अशी नावे देऊन पुढे ‘इत्यादी’ घातलेले असते. ही अट लिहिणाऱ्या अनामिक कारकुनाचे मी मनापासून अभिनंदन करतो, कारण मुलाची भाषा ही नेमणुकीची कसोटी आहे हे तत्त्व त्यात मान्य झाले आहे. परंतु पन्नास टक्क्यांच्या या उंबरठ्याने कोकणकिनाऱ्यावर काय होते ते पाहा. पटावर तीस मुले असलेल्या अंगणवाडीत चार भोजपुरी बोलणारी, दोन नेपाळी आणि सहा कातकरी मुले असली तर नियमाच्या लेखी तेथे भाषेचा प्रश्न अस्तित्वातच नाही. त्यातून कातकरी बोली मराठीचीच एक शाखा मानली जाते, म्हणून ती मोजणीत येते की नाही याविषयीही संदेह. आणि कातकऱ्यांची वाडी लहान असली, स्वतंत्र केंद्रासाठी लागणारी लोकसंख्या तिच्यात नसली, तर ती गावातल्या अंगणवाडीला जोडली जाते, जेथे तिची मुले कायमची अल्पसंख्य ठरतात.

याला जोडून दुसरी अट येते, ती शिक्षणाची. पूर्वी सेविकेला दहावी पुरे असे. २०२३ पासूनच्या नियमांत सेविका आणि मदतनीस या दोघींनाही बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक केले आहे, शिवाय दोनपेक्षा अधिक अपत्ये नसावीत ही लहान कुटुंबाची अट आहेच. सेविकेच्या बाबतीत बारावीची अट समजण्यासारखी आहे, कारण शिकवणे आणि नोंदी ठेवणे हे तिचे काम. पण मदतनिसाचे काम मुलांना घरून आणणे, खाऊ घालणे, हात-तोंड धुणे, झोपवणे, रडले तर उगे करणे हे आहे. म्हणजे भाषेची जेथे सर्वाधिक गरज तेच काम, आणि बारावीच्या गुणपत्रिकेची जेथे सर्वांत कमी गरज तेही तेच. कातकरी वाडीत बारावी झालेली स्त्री सापडणे आज दुर्मीळ आहे. परिणामी एका हाताने भाषेची अट आणि दुसऱ्या हाताने शिक्षणाची अट घालून सरकारने वाडीतील बाईला अंगणवाडीच्या बाहेरच ठेवले आहे.

आपल्या राज्यघटनेतही या वयाची मुले अशीच दोन कलमांच्या फटीत सापडलेली दिसतात. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना मातृभाषेतून शिक्षणाची सोय मिळावी असे सांगणारे ३५०-अ हे कलम १९५६ सालच्या सातव्या दुरुस्तीने आले, पण ते प्राथमिक शिक्षणापुरते बोलते. सहा वर्षांखालील सर्व बालकांच्या संगोपनाची आणि शिक्षणाची तजवीज करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे सांगणारे ४५वे कलम २००२च्या दुरुस्तीनंतर आज त्या रूपात आहे, पण त्यात भाषेचा उल्लेख नाही. कारखान्यांत आणि बांधकामांवर पाळणाघरे हवीत असे सांगणारे कायदेही आहेत. खोलीचा उजेड आणि हवा यांची चिंता त्यांत आहे, दाईने मुलाशी कोणत्या बोलीत बोलावे याची नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घरची भाषा हे आरंभीच्या शिक्षणाचे माध्यम असावे असे सांगितले खरे, मात्र ‘शक्य तेथे’ हे शब्द त्याला जोडले आहेत, आणि सरकारी मसुद्यात या दोन शब्दांची ताकद किती असते हे सांगायला नको.

इतरत्र काय चालते हेही थोडक्यात पाहावे. अमेरिकेत गरीब कुटुंबांतील बालकांसाठी १९६५ साली सुरू झालेल्या हेड स्टार्ट योजनेत कुटुंबाशी त्याला कळेल अशा भाषेत संपर्क ठेवणे हे केंद्राच्या नियमित कर्तव्यांत मोडते. इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा त्यांच्या भाषेत मिळाव्यात असा अध्यक्षीय आदेश तेथे २००० साली निघाला होता, आणि २०२५च्या मार्चमध्ये तो रद्दही झाला. न्यूझीलंडच्या माओरींनी याहून निराळा मार्ग धरला: १९८२ पासून त्यांनी कोहांगा रेओ या नावाची शिशुगृहे काढली, जेथे आजी-आजोबाच मुलांना सांभाळतात आणि माओरीखेरीज दुसरी भाषा बोलत नाहीत. आपल्याच देशात ओडिशाने २००६-०७ पासून आदिवासी मुलांच्या शाळांत दहा आदिवासी भाषांतून आरंभ केला आणि पुढे ती संख्या एकवीसवर नेली. यांपैकी माओरींचे उदाहरण मला थळच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद वाटते, कारण त्यात पदवीधर शिक्षकांची वाट कोणी पाहिली नाही. भाषा ज्यांच्यापाशी होती त्या म्हाताऱ्या माणसांनाच त्यांनी कामाला लावले.

शहरातील वाचकांनी हे सर्व दूरच्या वाड्यांचे म्हणून सोडून देऊ नये. पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांत याच प्रश्नाचे एक विपरीत रूप दिसते. मूल सांभाळायला ठेवलेली बाई सातारा-बीडकडची, तिची मराठी खणखणीत, तिच्यापाशी गाणी आणि गोष्टी यांचा साठा. पण घरमालकीण तिला ताकीद देते की बाळाशी मराठीत बोलू नका, हिंदीत बोला, जमल्यास इंग्रजी शब्द घाला. मग ती बिचारी दिवसभर मुलाशी मोडक्या परभाषेत चार हुकमी शब्द बोलते: कम, सिट, ईट, नो. ज्या वयात मुलाने हजारो शब्द, म्हणी आणि लकबी कानावाटे प्यायच्या त्या वयात त्याला हा दुष्काळ आपण पगार देऊन विकत घेतो.

थळसारख्या गावांपुरते बोलायचे तर मागणी फार मोठी नाही आणि तिला मोठा खर्चही नाही. महिला व बालविकास विभागाने पन्नास टक्क्यांचा उंबरठा किमान मदतनिसाच्या पदासाठी खाली आणावा. आदिम जमातीच्या वाड्यांत त्या पदासाठी बारावीची आणि अपत्यसंख्येची अट शिथिल करावी. बालकाच्या नोंदीत वजन-उंचीच्या शेजारी घरच्या बोलीचा एक रकाना ठेवावा, जेणेकरून मूल वीटभट्टीवर पोचण्याआधीच त्याची भाषा कोणती हे तेथील सेविकेला कळेल. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीत बांधकामे करणाऱ्या ठेकेदारांना मजुरांची मुले अंगणवाडीत दाखल करायला सांगावे, आणि त्या मजुरांतलीच एखादी थोडी मराठी जाणणारी बाई पहिल्या आठवड्यात सोबत पाठवायला लावावी. अलिबागच्या परिसरात ज्यांचे बंगले आहेत, किंवा जे तेथे सुट्टी घालवायला जातात, त्या वाचकांनी आपल्या राखणदाराचे मूल सकाळी कोठे जाते आणि तेथे त्याचे बोलणे कोणाला कळते, हे या खेपेस त्याला विचारावे.